एक चमचा तेल, कोंबडी आणि फळं

शिट्टीसर स्वयंपाकघरात शिट्टी वाजवायचे, आणि ती कुकरची नसायची. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली, स्टीलची, मैदानावर पाचशे पोरं जागच्या जागी थिजवणारी खरी शिट्टी. कढईत कोंबडी पडली की एक, भाजी पडली की दुसरी, फळं पडली की तिसरी. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू त्याच वेळी आपल्या डाळीच्या शिट्ट्या मोजत असायच्या. एका रविवारी सरांच्या तीन शिट्ट्यांवर त्यांनी आपला कुकर उतरवला आणि घरच्यांना कच्ची तूरडाळ वाढली. तणतणत भांडायला आल्या, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमची शिट्टी वाफेची, माझी छातीची. फरक ऐकायला शिका."

शाळेच्या हजेरीपटात त्यांना व्यवस्थित नाव-आडनाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे शिट्टीसरच म्हणत. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. मी साताऱ्याकडून भिवंडीत गणित शिकवायला आलो आणि त्यांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. मानकोली-दापोड्याकडची भाताची शेतं एकामागून एक गोडाऊनखाली जात होती, ते हे दिवस. गावात मात्र अजून लूमचंच, यंत्रमागांचंच, राज्य होतं. आमच्या घराच्या मागे दिवसभर लूमची खटखट चालायची. नव्या माणसाला तिचा त्रास व्हायचा. सरांना ती थांबली की त्रास व्हायचा. दुपारी वीज जाऊन लूम गप्प झाले, की ते वामकुक्षीतून दचकून उठत आणि विचारत, "काय झालं? कोण गेलं?"

शाळेतल्या माणसांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. मी 'गणित'. "ए गणित, वर काय करतंस? खाली ये!" ही हाक मला तीन वर्षं रोज ऐकू आली. स्टाफरूममध्ये त्यांचं बोलणं नव्या माणसाला कळायचंच नाही. "विज्ञानाला ताप आलाय, तिचा तास भूगोल घेईल. आणि इंग्रजी दोन दिवस लग्नाला गेलंय." शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, पण घराचा उंबरा ओलांडला की त्यांच्या गावची, कशेळीची बोली सुरू. हाय आणि न्हाय. रागावले की हिंदी, कारण त्यांच्या मते हिंदीत ओरडलं की भिवंडीत कुणीही वळून बघतं.

सरांची बायको मी येण्याच्या दोन वर्षं आधी गेली. तोवर त्यांना घरात मिठाचा डबा कुठे असतो हेही माहीत नव्हतं. मग काही महिने कशेळीहून त्यांच्या बहिणीचा डबा आला. त्यांच्या मुलीची ही आत्या प्रेमळ, पण तिचं प्रेम तेलातून वाहायचं. डब्याचं झाकण उघडलं की आधी तेलाचा तवंग दिसायचा, मग त्याखाली कुठेतरी मटण असेल असा अंदाज बांधायचा. एक दिवस पोरांना सूर्यनमस्कार दाखवताना सरांच्या छातीत कळ आली. तपासणीत साखरही निघाली. डॉक्टर म्हणाले, "सर, मटण बंद. कोंबडी चालेल, चामडी काढून. तेल एक चमचा. फळं खा, पण बेताने. आणि घरात जरा हालचाल ठेवा."

सरांच्या खिशात लांब उडीची मापं लिहायची एक डायरी असायची. तिच्यात त्यांनी लिहिलं : 'कोंबडी. एक चमचा तेल. फळं. हालचाल.' घरी आले आणि ही पाककृती आहे असं समजून त्यांनी ती करून टाकली. कढई तापवली, एक चमचा तेल, कोंबडी, वर एक सफरचंद कापून, आणि हालचाल म्हणून ते सगळं दोन्ही हातांनी जोरजोरात परतलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं, तर डॉक्टर हसता हसता खुर्चीवरून घसरायचे राहिले. "अहो, मी वेगवेगळं खायला सांगितलं होतं!"

"मग तसं बोलायचं," सर म्हणाले. "सूचना स्पष्ट पाहिजे. आता मला ते आवडलंय."

खरं सांगायचं तर सफरचंदाचा तो पहिला प्रयोग फारसा बरा नव्हता. हे मला त्यांच्या मुलीने, वैजूने, सांगितलं. पण मैदानावरचा माणूस, हरला तरी सराव सोडत नाही. मी राहायला आलो तोवर सरांनी त्या पदार्थाला चांगलीच शिस्त लावली होती. कोंबडीचे हाडाशिवायचे बोटाएवढे पातळ तुकडे. त्यांना लिंबू, मीठ, आलं-लसूण चोळून बाजूला ठेवायचं, तोवर बाकीची चिराचिरी. कांदा मोठा चिरलेला, सिमला मिरची उभी, दोन हिरव्या मिरच्या. सगळं ताटलीत रांगेत मांडून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. "आधी संघ मैदानात उभा करायचा, मग शिट्टी." मग कढई धूर येईस्तोवर तापवायची, एक चमचा तेल, आणि कोंबडी आत. मोठ्या आचेवर पाच मिनिटं, हात थांबवायचा नाही. मग कांदा-मिरची दोन मिनिटं. शेवटी अननस, एकच मिनिट, वर मिरपूड. स्टॉपवॉच ओट्यावर चालू असे. आठ मिनिटांच्या वर गेलं, तर चवीला कसंही असो, सर तो प्रयत्न बाद धरत.

मी एकदा विचारलं, "सर, फळ आधीच टाकलं तर?"

"न्हाय. फळाला शिजवायचं नसतं, गणित. त्याची कोंबडीशी नुसती ओळख करून द्यायची."

अननसापर्यंत पोचायच्या आधी आणि नंतरही त्यांनी बाजारातलं प्रत्येक फळ आजमावलं, आणि परीक्षक म्हणून मला खाली बोलावलं. अर्धकच्चा पेरू उत्तम निघाला. हिरवी द्राक्षं बरी. कच्ची कैरी तर अशी जमली की त्या दिवशी मी भाकरी संपल्यावर कढई पुसून खाल्ली. पण कलिंगडाने पाणी सोडून कोंबडीला पोहायला लावलं. चिकू टाकला त्या दिवशी कढईत काय दिसत होतं ते मी लिहीत नाही. आणि केळं. पिकलेलं केळं मोठ्या आचेवर कोंबडीला असं चिकटलं, की कशातून काय सोडवायचं कळेना. वैजूने एक घास घेतला, ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला शिक्षा करताय का?" सरांनी डायरी काढली आणि तारखेपुढे लिहिलं : 'केळं - कायमचं बाद.'

कोंबडी घ्यायला आम्ही रफीकभाईच्या दुकानात जायचो. रफीकभाईला हाड काढून द्यायचं जिवावर यायचं. "सर, हड्डी निकाल दी, चमड़ी निकाल दी, अब मुर्गी में बचा क्या?"

"जो बचा वो मेरा डॉक्टर खाने को बोला."

"और इसमें अनानास डालते हो. तौबा तौबा."

सरांना कुणी 'तौबा' म्हटलेलं खपत नसे. पुढच्या रविवारी ते डबा घेऊन दुकानात गेले आणि रफीकभाईने पहिला घास गिळेपर्यंत समोर उभे राहिले. रफीकभाईने चावला, थांबला, अजून एक घेतला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बुरा नहीं है. मगर सर, मैंने बोला ऐसा मार्केट में मत बोलना."

वैजू तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. उंच, काटक, वडिलांसारखंच तुटक बोलणारी. सकाळी मैदानावर धावायची, संध्याकाळी गोळा फेकायची, आणि मधल्या वेळात सर तिला कोंबडी-अननस घालायचे. तिच्यासाठी त्यांनी कोंबडीचे तुकडे वाढवले आणि स्वतःसाठी कमी केले. तिला स्वतःला रांधायचं काहीच येत नव्हतं. चहा यायचा, तोही साखर आणि मीठ शेजारी नसेल तर. सरांना याची फिकीर नव्हती. फिकीर होती ती कशेळीच्या आत्याला.

"पोरीला रांधाया न्हाय शिकवलंस," आत्या दर खेपेला म्हणायची. "लोकांच्या घरी जाऊन काय गोळा फेकणार हाय?"

"फेकंल. तिची मर्जी."

"तिची आई असती तर असं झालं नसतं."

हे वाक्य आलं की सर अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घालत. आत्याला ते कळायचं, तीही मग नरमायची. पण वैजूचं लग्न हा विषय तिने सोडला नाही. शेवटी तिने दापोड्याचं एक स्थळ आणलंच. मुलगा महेश, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, शांत. वडील तात्या, गावातलं वजनदार माणूस, शब्दशः सुद्धा. आई करारी. रविवारी दुपारी पाहुणे येणार आणि जेवूनच जाणार असं आत्याने परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी आत्या दोन मोठी पातेली घेऊन रिक्षातून उतरली. एकात मटण, एकात वाटणाचा रस्सा, शिवाय तांदळाच्या भाकऱ्यांची चवड. तिने सरांना ओट्यापासून हटवलं आणि सगळ्यांना दम दिला. "हे वैजूनं रांधलंय. कोणी तोंड उघडायचं न्हाय. तूही न्हाय, मास्तर," हे मला.

वैजूचा चेहरा उतरला. "आत्या, मी खोटं बोलणार न्हाय."

"तू नको बोलू. मी बोलतंय."

सर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मला वाटलं, आता हिंदीत ओरडतील. पण ते बहिणीने पहाटे उठून केलेल्या त्या पातेल्यांकडे बघत राहिले आणि मग शर्ट बदलायला आत गेले. मी त्यांना तीन वर्षांत एकदाच असं पाहिलं : काय करावं ते न सुचलेलं.

पाहुणे आले. पंगत बसली. आत्याचं मटण नेहमीप्रमाणे जबरदस्त झालं होतं, त्याबद्दल वाद नाही. महेश खाली मान घालून जेवत होता. तात्यांच्या ताटात मात्र नुसता भात, कोशिंबीर आणि उकडलेला दुधी होता. तो दुधी त्यांच्या बायकोने घरून डब्यात आणला होता, कारण चार महिन्यांपूर्वी तात्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. तात्या दुधी चावत होते आणि शेजारच्या ताटातल्या मटणाकडे असे बघत होते, की मलाच अपराधी वाटायला लागलं.

महेशच्या आईने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, खाल्ला, आणि पसंतीने मान डोलावली. "छान हाय चव. कोणी रांधलं?"

"वैजूनं," आत्या म्हणाली. "एकटीनं. सकाळपासून."

आणि शिट्टी वाजली.

मैदानावरची, लांब, कान फाडणारी. महेशच्या हातातली भाकरी खाली पडली. शेजारच्या काकूंनी पलीकडे नक्कीच कुकर उतरवला असणार. सर उभे होते, शिट्टी अजून ओठात, आणि शिट्टी आपणच वाजवली याचं त्यांनाही आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. पण वाजली ती वाजली. त्यांनी हात वर केला.

"फाउल," सर म्हणाले.

लूमची खटखट तेवढी ऐकू येत होती.

"हे माझ्या बहिणीनं रांधलंय. चांगलं रांधलंय. वैजूला चहा येतो, तोही कधीकधी. ती भरतीची तयारी करतंय, पोलिसात जाणार हाय. तुम्हांला आधीच सांगायला पाहिजे होतं, न्हाय सांगितलं, ही चूक माझी."

आत्याने पदर तोंडाला लावला. महेशच्या आईने ताट किंचित पुढे सरकवलं, म्हणजे संपलंच. ती थंड आवाजात म्हणाली, "मग या घरात रांधतं कोण?"

"मी."

"तुम्ही?" हे तात्या. दुपारपासून ते पहिल्यांदाच बोलले. "तुम्ही काय रांधता?"

"कोंबडी. एक चमचा तेलात. फळं घालून. मलाही छातीची कळ आली होती, तेव्हापासून."

तात्यांनी दुधीचा घास ताटात परत ठेवला. "कोंबडी चालते? डॉक्टर बोलला, चालते?"

"माझा बोलला, चामडी काढून चालते. तुमच्याला तुम्ही विचारा."

"विचारलंय," तात्या बायकोकडे न बघता म्हणाले. "माझाबी हेच बोलला. पण घरात कोणाला वेगळं रांधाया वेळ न्हाय, म्हणून दुधी. मास्तर, किती वेळ लागतो?"

"आठ मिनिटं."

"दाखवा."

त्यानंतर जे घडलं तसं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात ठाणे जिल्ह्यात कुठे घडलं असेल असं मला वाटत नाही. सर ओट्याशी गेले. कोंबडी सकाळीच आणून, चोळून ठेवलेली होती, रविवार चुकवायचा नाही म्हणून. मी सिमला मिरची चिरली, वैजूने अननस कापला, चांगला कापला, सुरी तिच्या हातात शोभत होती. अख्खी पाहुणे मंडळी उष्ट्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. स्टॉपवॉच सुरू झालं. सर परतत होते आणि तोंडाने धावतं वर्णन करत होते. "आता कांदा. हात थांबवायचा न्हाय. थांबला की पाणी सुटतं, पाणी सुटलं की खेळ संपला." महेश गर्दीतून पुढे सरकून कढईत वाकून बघत होता. सात मिनिटं पन्नास सेकंदांनी गॅस बंद झाला.

तात्यांनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला. दुसराही. तिसऱ्या घासाला डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. तिखटाने, असं ते नंतर म्हणाले. "चार महिन्यांनी तोंडाला काहीतरी लागलं," ते म्हणाले आणि कढई रिकामी होईपर्यंत उठले नाहीत. महेशच्या आईनेही एक तुकडा चाखला. "गोड लागतं आणि झणझणतंय पण," ती नाराजीनेच म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला.

तरी जाताना त्यांनी काही निरोप दिला नाही. आत्या रागाने मोकळी पातेली घेऊन कशेळीला गेली आणि दहा दिवस तिने भावाला फोन केला नाही. संध्याकाळी सर मला म्हणाले, "वैजूचं नुकसान केलं का रे मी?" मी काही बोलायच्या आत आतून वैजू ओरडली, "न्हाय केलं!"

पुढच्या रविवारी दारात तात्यांची स्कूटर थांबली. सरांना वाटलं, नकार कळवायला आले. त्यांनी शर्टाची वरची बटणं लावली, तात्यांना बसवलं, पाणी दिलं. तात्या पाणी प्यायले, त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि विचारलं, "आज कुठलं फळ?"

असे ते पाच रविवार आले. जेवायचे, ढेकर द्यायचे, आणि लग्नाविषयी एक अक्षर न बोलता जायचे. सरही विचारायचे नाहीत. पाहुण्याला भुकेचं कारण विचारू नये म्हणायचे. सहाव्या रविवारी स्कूटरच्या मागे महेशची आई बसून आली. तिने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. "पोरगी मना त्याच दिवशी आवडली होती, तुमच्या घरात खोटं खपत न्हाय. नोकरी करंल तर करू दे. पण ह्यांचं पथ्य मना होत न्हाय, गुडघे दुखतात. तिला येत नसेल तर महेशला शिकवा. कोणालातरी आलं पाहिजे."

त्यामुळे भिवंडीत एक जावई असा झाला, की ज्याने लग्नाआधी सासऱ्याकडे स्वयंपाकाचा सराव केला. महेश बुधवारी आणि रविवारी यायचा. पहिल्या दिवशी त्याला नऊ मिनिटं चाळीस सेकंद लागले. "बाद," सर म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्याने घाईत अननस आधी टाकला, आणि सरांनी अशी शिट्टी फुंकली की बिचाऱ्याच्या हातातून उलथणं सुटलं. वैजू दारात उभी राहून हसत असायची. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. महेश मग मुद्दामच एखादी चूक जास्त करतो, असा मला दाट संशय होता.

त्या वर्षीच्या भरतीत वैजू निवडली गेली. आधी प्रशिक्षण, मग लग्न, असं ठरलं. ती निघाली त्या सकाळी सर आणि मी तिला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. सरांनी तिला पंचवीस सूचना दिल्या : पाणी, बूट, पाय मुरगळला तर बर्फ. गाडी हलली तेव्हा त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. पण शिट्टी त्यांनी घरीच ठेवली होती. ते नुसते उभे राहिले, गाडी वळेपर्यंत.

त्या संध्याकाळी खाली कढईचा आवाज आला नाही. जरा वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि सर माझ्या खोलीत आले. याआधी ते कधी वर आले नव्हते, मलाच खाली बोलवायचे. पलंगाच्या कडेला बसले. "गणित, काय रांधलंस?"

"खिचडी. पण सर, खाली लागलीय."

"वाढ."

ते सावकाश जेवले. ताटातलं सगळं संपवलं आणि म्हणाले, "चांगली झालीय."

"सर, करपलीय."

"हो. पण चांगली झालीय." त्यांनी रिकामं ताट बाजूला सरकवलं. "सव्वीस वर्षं वैजूच्या आईनं मला रांधून घातलं, गणित. दोन वेळा, रोज. मी जेवायचो, हात धुवायचो आणि मैदानावर जायचो. मीठ कमी असलं की लगेच बोलायचो. चांगलं झालं की मात्र... एकदा पण न्हाय. मला वाटायचं, संपवलं ना ताट, म्हणजे कळलं असेल. आता मी कढईपुढं उभा राहतो तेव्हा समजतं. रांधणारं माणूस ताट बघत न्हाय, तुमचं तोंड बघत असतं. काय बोलतात म्हणून."

त्यांनी ताट स्वतः नेऊन धुतलं आणि खाली गेले.

पुढच्या वर्षी माझी बदली पालघरकडे झाली. सरांनी माझा पलंग टेम्पोत चढवताना ड्रायव्हरला वजन कसं उचलायचं यावर हिंदीत व्याख्यान दिलं. मला म्हणाले, "पोटाकडं लक्ष दे, गणित. तुझं पोट तुझ्या वयाच्या पुढं धावतंय." बस, इतकंच. वैजूच्या लग्नाला मी गेलो. हळदीला सरांनी एक चमचा तेलाचा नियम मोडून भावकीच्या पंगतीत आत्याचं मटण खाल्लं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "ताई, फर्मास!" आत्या रडायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, पोरगी जाणार म्हणून.

माझंही लग्न झालं. फोन अधूनमधून व्हायचे. मग एका दुपारी वैजूचा फोन आला. सर सकाळी मैदानावरून आले, खुर्चीत बसले, आणि गेले. कळही आली नसावी, ती म्हणाली. ती बंदोबस्तावरून तशीच वर्दीत आली होती. मी पोचलो तेव्हा अंगणात शाळेच्या आजवरच्या पोरांची रांग लागली होती. कोणी न सांगता, उंचीप्रमाणे.

घरी परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आंघोळ केली. बायकोने पिठलं-भाकरी वाढली. दोन घास खाल्ले आणि लक्षात आलं, आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं मी रोज जेवत होतो, हात धुवत होतो आणि वह्या तपासायला बसत होतो. आणि मला तर कुणीतरी, करपलेली खिचडी खात, आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं.

"पिठलं चांगलं झालंय," मी म्हणालो.

बायको थांबली. माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. चांगलं झालंय, म्हणून म्हटलं."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, नळ सुरू झाला, बंद झाला. मग आतूनच, मला दिसू नये अशा बेताने, तिने विचारलं, "खरंच?"